कॅडमियम 'सुटते', 'जिरते' की 'भिनते'?

शब्दवेल्हाळ: चॉकलेटमधील कॅडमियम या विषारी धातूवरच्या एका लेखाचे भाषांतर करताना मी अडलो आहे. मूळ लेखात बायोॲक्सेसिबिलिटी (पचनात अन्नातून किती सुटते) आणि बायोअव्हेलेबिलिटी (शेवटी रक्तात किती पोचते) या दोन संज्ञा शेजारी शेजारी येतात. दुसरीसाठी 'जैवउपलब्धता' रुळलेला आहे. पहिलीसाठी मी 'जैवसुलभता' योजला, तर संपादकांनी समासात शेरा मारला, "विष सुलभ झाल्याचा आनंद कशाला?" शेरा बोचला, पण खोटा नाही.

क्षारविक्षार: प्रयोगशाळेत काय करतात ते पाहिले, तर शब्द आपोआप सुचेल. चॉकलेट ३७ अंश सेल्सिअसला कृत्रिम लाळेत दोन मिनिटे, मग आम्ल जठररसात दोन तास आणि शेवटी पित्त व स्वादुपिंडाची विकरे घातलेल्या आंत्ररसात आणखी दोन तास ठेवतात. नंतर ते मिश्रण गरगर फिरवले की गाळ तळाशी बसतो. वरच्या निवळीत जे कॅडमियम सापडते ते 'सुटलेले', आणि गाळाला चिकटून राहिले ते बहुतांशी शरीराबाहेर जाणारे. या काचपात्राला आतडे नसते, म्हणून रक्तात किती गेले हे त्यावरून सांगता येत नाही. दोन संज्ञा लागतात त्या एवढ्यासाठीच.

माजघर: मग 'सुटणे' आणि 'जिरणे' म्हणा की! पाणी जमिनीत जिरते, तेल अंगात जिरते, तसे आतड्यातून रक्तात जिरते. आमची आजी तर "खाल्लेले अंगी लागत नाही" एवढ्या एका वाक्यात ती दुसरी संज्ञा संपवत असे.

व्युत्पत्तिवेडा: आजींचा आदर राखून सांगतो, 'अंगी लागणे' हे पोषणाचे क्रियापद आहे, कॅडमियम अंगी लागले असे म्हटले तर वाचक अभिनंदन करील. 'जिरणे' संस्कृत 'जॄ'वरून आले, म्हणजे झिजणे, जीर्ण होणे. 'अजीर्ण' त्याच घरातले. कॅडमियम मात्र जीर्ण होत नाही. ते मूलद्रव्य आहे, कोणतेही विकर त्याचे तुकडे करू शकत नाही आणि मूत्रपिंडात ते दशकानुदशके मुक्काम ठोकते. विषासाठी मराठीत 'भिनणे' असताना जिरवाजिरवी कशाला?

क्षारविक्षार: 'भिनणे' ऐकले की सर्वांगात पसरलेले विष डोळ्यांसमोर येते. अन्नातल्या कॅडमियमपैकी प्रौढांच्या शरीरात साधारण ३ ते ५ टक्केच शोषले जाते. शरीरात लोह कमी असेल तर हे प्रमाण वाढते. एवढ्याला 'भिनले' म्हणणे म्हणजे वाचकाला घाबरवणे होय. 'शोषण' हा साधा, तटस्थ शब्द कोणाला का नको आहे?

व्युत्पत्तिवेडा: कारण 'शोषण' म्हटले की मजूर आठवतात.

माजघर: एक शंका. लेखात 'जड धातू' आले आहेत. मी प्रथम ते 'पचायला जड' असेच वाचले आणि पुढे आयुर्वेदातल्या रस, रक्त, मांस या सप्तधातूंची वाट पाहत बसले.

शब्दवेल्हाळ: हे माझ्या ध्यानातच आले नव्हते! 'भारी धातू' लिहिले तर बोलीत ते कौतुक होते. पण मूळ प्रश्न असा, की सुटणे आणि रक्तात पोचणे हा भेद पुसला तर लेखाचा मुद्दाच जातो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१९ पासून ५० टक्के किंवा अधिक कोको असलेल्या चॉकलेटला किलोमागे ०.८० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली; ती पदार्थातल्या एकूण कॅडमियमवर आहे, पोटात सुटलेल्यावर नव्हे. तूर्त मी 'पचनात सुटणारा अंश' आणि 'रक्तात पोचणारा अंश' असे लिहितो.

व्युत्पत्तिवेडा: ही वाक्ये झाली, संज्ञा नव्हेत. शीर्षकात काय लिहिणार?

माजघर: संज्ञेचे तुम्ही पाहा, मला आधी त्या 'धातू'चे उत्तर द्या.