डेंग्यूनंतर केस मूठ मूठ गळतायत, हे थांबतं का? की टक्कलच पडणार?

रानजाई:
नमस्कार, वय २९, पुण्यात असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स बऱ्याच खाली गेलेल्या, पाच दिवस अ‍ॅडमिट. त्यातून बरी झाले, ऑफिस पण सुरू झालं, आणि आता नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी केस असे गळायला लागलेत की न्हाऊन झालं की बाथरूमची जाळी तुंबते, उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस, विंचरायचीच भीती वाटते. आई म्हणते नवीन सोसायटीत बोअरचं पाणी आहे त्यानेच. पार्लरवाली म्हणाली मुळं कमजोर झालीत, सहा सिटिंगचं पॅकेज घ्या. माझ्या बाबांना पस्तिशीतच टक्कल पडलं होतं त्यामुळे रात्री झोप लागत नाही, माझं पण तेच सुरू झालं असेल का? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

तीन_वाट्या_भात:
अगं घाबरू नकोस, माझं डिलिव्हरीनंतर सेम असंच झालं होतं. बाळ साडेतीन महिन्याचं झालं आणि एकदम सुरू, वेणी अर्ध्यावर आली. सासूबाई म्हणायच्या बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, मला वाटायचं काहीतरीच, पण तो काळ बरोबर जुळतो बघ. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत कपाळाशी बारीक बारीक नवीन केस उभे राहिले होते. मी तेव्हा घाबरून तीन तेलं बदलली, त्यातल्या कशाने आले असं काही म्हणता येणार नाही, ते यायचेच होते.

त्वचेची_गोष्ट:
मी स्किनमध्ये रेसिडेंट आहे, ओपीडीत रोज हाच प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई, तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तारखा आहेत. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि मग पडतो. नॉर्मली दहातले नऊएक केस वाढीत असतात म्हणून रोज ५० ते १०० पडले तरी कळत नाही. पण डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, महिनाभर उपाशी राहून केलेलं डाएट असा दणका बसला की शरीर खूप केसांना एकदम विश्रांतीत ढकलतं आणि ते सगळे दोन-तीन महिन्यांनी एकत्र पडतात. ह्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. त्यामुळे गळती सुरू झाली की ह्या आठवड्यातला शाम्पू शोधू नका, कॅलेंडरवर तीन महिने मागे जा. तुमचं तर अगदी बरोबर सप्टेंबरला पोचतं.

पडलेला केस हातात घेऊन बघा, टोकाला बारीक पांढरा गोळा आहे का? असेल तर तो मुळापासून, आपली मुदत संपवून पडलाय. खाऱ्या पाण्याने केस रखरखीत होतात, मधेच तुटतात, पण मुळासकट मूठभर गळत नाहीत. बहुतेक वेळा हे सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि ह्यात पूर्ण टक्कल पडत नाही.

बाबांचं टक्कल ही वेगळी गोष्ट. तो अनुवांशिक प्रकार, हॉर्मोनमुळे केसाचं मूळ वर्षानुवर्षं बारीक होत जातं. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, बायकांत भांग रुंद होत जातो, पुढची रेघ बहुतेक शाबूत राहते. तो हळू येतो, एका महिन्यात जाळी तुंबवत नाही. पण खरं सांगायचं तर कधी कधी तापानंतरच्या गळतीमुळे आधीपासूनचा हा प्रकार उघडा पडतो, म्हणून गळती थांबल्यावरही भांग रुंदच दिसला तर दाखवून घ्या.

शेगावचा_वाटसरू:
मॅडम बरोबर बोलल्या. आमच्याकडे बुलढाण्यात जानेवारी २०२५ ला बोंडगाव, कालवड, हिंगणा ह्या गावांत लोकांचे केस चार दिवसांत जाऊन टक्कल पडत होतं, आमचे नातेवाईक आहेत तिथं, लोकं किती घाबरलेली ते डोळ्यांनी पाह्यलं. आधी सगळे पाण्याला आणि शाम्पूला दोष देत होते. दिल्लीहून आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) टीम आली, नंतर विंचूदंशावर काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासणी केली तर लोकांच्या शरीरात सेलेनियम नावाचं खनिज वाढलेलं, झिंक कमी, आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. गावात लग्नं मोडायची वेळ आली होती हो. म्हणून म्हणतो, कारण कळल्याशिवाय उगाच औषध नको.

माळावरचा:
ह्याच धाग्यात विचारतो, माझ्या भावाच्या दाढीत आणि डोक्यात रुपयाएवढी चाई पडली आहे, एकदम गुळगुळीत. गावाकडे म्हणतात किडा लागला, लसूण चोळ. चोळला तर कातडी भाजल्यासारखी लाल झाली. हे पण तापानेच का?

त्वचेची_गोष्ट:
दादा, लसूण आजच बंद करायला सांगा, त्याने खरंच भाजतं. चाईत किडा-बिडा काही नसतो, आपलीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर हल्ला करते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, भावाचा कंगवा-टॉवेल वेगळा काढू नका, त्याला फार वाईट वाटतं. छोटे चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात, नाही तर त्या जागी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. मात्र लहान मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखी पापुद्रं, खाज आणि तुटके केस असतील तर ते नायटा, तो पसरतो आणि नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून गोळ्या लागतात.

एका प्रकाराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जागा चकचकीत झालीय, केसांची छिद्रंच दिसत नाहीत, आग होते, दुखते, तर थांबू नका. तिथे मूळच मरतं आणि त्याजागी व्रण होतो, मग केस परत येत नाहीत. घट्ट अंबाडा आणि ओढून घातलेल्या वेण्यांनी कानशिलावरचे केस जातात ते पण आधी परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर नाही.

रानजाई:
खूप खूप आभार. आत्ता बघितलं, पांढरा गोळा आहे! इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. पार्लरचं पॅकेज नको म्हणून सांगते. आजारपणात जेवण पण काही गेलं नव्हतं, त्यात पाळीला पहिल्यापासून खूप जातं. उद्या फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घेतेय. मैत्रिणीने केसांसाठी दिलेल्या बायोटिनच्या (व्हिटॅमिनच्या) गोळ्या पंधरा दिवस घेतेय, त्या चालू ठेवू ना?

त्वचेची_गोष्ट:
मग उद्या थायरॉइड नको. बायोटिनने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, नसलेला आजार दिसतो. गोळी बंद करा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग रक्त द्या आणि लॅबला पण सांगा. पाळीला खूप जात असेल तर फेरिटिन नक्की बघा, हिमोग्लोबिन ठीक असूनही ते खाली असू शकतं. रिपोर्ट घेऊन जवळच्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि न्हाणं टाळू नका, आठवडाभर न्हायलं नाही तर साठलेले सगळे केस एकाच दिवशी पडतात आणि तुम्ही परत घाबराल.