अनुभव धागा : डोंगरातल्या सायकल सफरीचा एक दिवस

नमस्कार मंडळी. मनाली-लेह सायकलने केलेले मराठी लोक आता गावोगाव भेटतात. पण बहुतेकांची गोष्ट मनालीला सुरू होते नि एकदम लेहला संपते. मधलं सगळं ‘फार सुंदर, फार अवघड’ एवढ्यात उरकतं. म्हणून हा धागा. अख्खी सफर नको, एकच दिवस सांगा. त्यातही गटात काय घडलं ते हवं आहे. कोण कुणासाठी थांबलं, निर्णय कसे झाले, पोटात काय गेलं? यंदा पहिल्यांदा निघणाऱ्यांना त्याचाच उपयोग आहे.

वाट ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. मनाली साधारण २००० मीटरवर, लेह ३५०० वर. रोहतांगवरून गेलात तर अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुंग आणि तांगलांग या खिंडी. शेवटच्या दोन ५००० मीटरच्या वर आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लेहकडचे बहुतेक ट्रक रोहतांगखालच्या या बोगद्यातून जातात. रोहतांगचा घाट सायकलवाल्यांना पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळा मिळतो.

पुण्याहून, गटात ‘स्वीप’ असलेला

माझा दिवस सरचू ते पांग या दोन मुक्कामांमधला, वाटेत नकी आणि लाचुंग. माझ्या मते या रस्त्याची खरी परीक्षा याच दिवशी होते.

स्वीप म्हणजे शेवटच्या सायकलच्याही मागे राहणारा. माझ्याकडे पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, चेन तोडायचं हत्यार आणि गरम पाण्याचा थर्मास. सकाळी सरचूला बाटलीतलं पाणी दाताला लाववत नव्हतं इतकं गार होतं, पण पहिले वीसएक किलोमीटर नदीच्या कडेने सोपे जातात. तिथे सगळे एकत्र, गप्पा मारत होतो. मग गाटा लूप्स लागले. एकवीस वळणं आणि जवळजवळ साडेचारशे मीटरचा चढ. तिथे गट आपोआप सुटा होतो. आपला माणूस सरळ डोक्यावर दिसतो, हाक मारली की ओ देतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो.

आमच्यातला साताऱ्याचा एक जण निम्म्या वळणांनंतर सायकलवरून उतरला. पासरणीचा घाट लीलया चढणारा गडी, पण पासरणीच्या माथ्यापेक्षा इथला तळच कितीतरी उंच. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. मांड्यांत ताकद शिल्लक असते आणि तरी दम पुरत नाही. अशा वेळी ‘चल, चल, थोडंच राहिलं’ म्हणायचं नाही, हा माझा पक्का नियम. त्याला सगळ्यात हलका गिअर टाकायला सांगितलं, वळणावर बाहेरच्या कडेने घे म्हटलं, कारण आतल्या बाजूला चढ अंगावर येतो. शंभर पॅडल मोजायचे, उभं राहून दहा श्वास घ्यायचे, पुन्हा शंभर. बसायचं नाही, बसलं की अंग गार पडतं. वरच्या बाजूला एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बंद पडलेल्या ट्रकजवळ एकटा राहिलेला क्लीनर बर्फात तहानेने गेला, अशी कथा सांगतात. येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. साताऱ्याच्या गड्याने आपली अर्धी बाटली तिथे रिकामी केली. मला ते फार भावलं.

आता गटाची गोष्ट. आदल्या रात्री आम्ही ठरवलं होतं की खिंडीत कुणी कुणाची वाट बघायची नाही. फोटो काढायचा आणि पुढे उतरायचं. नकी खिंडीत वारा हाडात शिरतो. घामेजलेला माणूस तिथे तासभर थांबला तर संध्याकाळी तोच आजारी पडतो. भेटायचं ते खाली, व्हिस्की नाल्याच्या तंबूंत. आम्ही पोचलो तेव्हा पुढचे लोक मॅगी खाऊन, कपडे बदलून उबेत बसले होते आणि आमच्यासाठी ऑम्लेटं सांगून ठेवली होती.

लाचुंगचा चढ त्यानंतर. तो मी सांगू शकत नाही, कारण रस्ता आणि पुढच्या माणसाचं मागचं चाक यापलीकडे काही आठवत नाही. उतार मात्र आठवतो. दोन्ही बाजूंना वाऱ्याने कोरलेले मातीचे सुळके. हात इतके बधिर झाले होते की ब्रेक दाबला की नाही हे डोळ्यांनी बघावं लागे. पांगच्या अलीकडे, उजेड जाता जाता, आमच्यातला सगळ्यात वेगवान मुलगा समोरून चढ चढत येताना दिसला. दुपारीच पोचला होता. पाठीवर चहाचा थर्मास. आम्ही तिथेच रस्त्यावर चहा प्यायलो.

नाशिकहून, शाळेत शिकवते

आमचा बारालाचाचा दिवस. खिंडीखालच्या झिंगझिंगबारहून अंधारातच निघालो. वाटेतल्या नाल्यांना सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तोच नाला मांडीपर्यंत येतो. तरी एका ठिकाणी रस्ता वाहून गेला होता. आम्ही साखळी केली आणि सायकली हातोहात पलीकडे दिल्या. रस्त्याचं काम करणारे मजूर न सांगता पाण्यात उतरले आणि साखळीत उभे राहिले. झारखंडचे होते. एवढ्या उंचीवर डांबराच्या धुरात दिवसभर राबणारी ही माणसं. आपण त्यांच्या रस्त्यावरून हौसेने जातो, हे प्रत्येक सायकलवाल्याने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडचे शेंगदाण्याचे लाडू त्यांना दिले, त्यांनी आम्हाला काळा चहा दिला.

खिंडीच्या अलीकडे सूरजताल आहे, भागा नदी तिथून निघते. मागे तांदीला ही भागा चंद्रा नदीला मिळालेली आम्ही पाहिली होती, पुढे तीच चंद्रभागा. आमच्यात पंढरपूरच्या एक काकू होत्या, वय साठीकडे झुकलेलं. त्यांनी तळ्याशी सायकल आडवी ठेवली, हात जोडले आणि पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. कुणी घाई केली नाही. मग त्या निघाल्या आणि खिंडीपर्यंत आमच्या पुढे होत्या!

कोल्हापूरहून, बॅकअप गाडीतून गेलेली

मी सायकल चालवत नाही, नवरा चालवतो. मी जेवणाची बाजू सांभाळली. तेव्हा माझा दिवस पातेल्यातला. सरचूला पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ कितीही वेळ ठेवा, दाणा कच्चाच राहतो. कुकर हवाच, आणि त्याची जादा रिंगही. थकलेल्या माणसाला तिथे भूक लागत नाही, जेवण बघूनच नको म्हणतात. मी मऊ भात, मेतकूट, तूप असं वाटीवाटीने देत होते, एका वेळी थोडंच. तिखटाचा आग्रह धरणारे माझे कोल्हापूरकरही मुकाट्याने खायचे. पुरणपोळी वगैरे बेत लेहला पोचल्यावर करा.

ठाण्याहून, डॉक्टर आणि सायकलस्वार

वर स्वीपदादांनी सांगितलेला रस्ता डॉक्टरच्या नजरेने बघा. सरचूच्या एका बाजूला बारालाचा, दुसऱ्या बाजूला लाचुंग. पांगचंही तसंच: मागे लाचुंग, पुढे तांगलांग. उंचीचा त्रास झाल्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. आणि या दोन मुक्कामांवरून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं.

आमच्या गटातल्या एका तरुणाला सरचूला रात्री डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. पहाटे तो सरळ रेषेत चालू शकेना. तोल जाणं ही धोक्याची खूण, तिथे थांबून बघण्याचा प्रश्न येत नाही. सिलिंडरमधला प्राणवायू लावला आणि गाडीने बारालाचा ओलांडून केलाँगला पाठवला. केलाँग सरचूपेक्षा हजाराहून जास्त मीटर खाली आहे. तो रडत होता, वर्षभर सराव केला म्हणून. त्याच्याबरोबर कुणी जायचं यावर चर्चाच झाली नाही, त्याचा तंबूतला जोडीदार आधीच गाडीत जाऊन बसला होता. दोघांचीही सफर तिथे संपली. संध्याकाळपर्यंत तो पोरगा जेवायला लागला.

गोळ्यांबद्दल विचारणारे असतात. उंचीसाठीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून, मूत्रपिंडाचा त्रास आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी सांगूनच घ्या. आणि गोळी घेतली म्हणून जिस्पाचा किंवा केलाँगचा जादा मुक्काम वगळू नका. कापूर हुंगल्याने बरं वाटत असेल, रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही.

म्युनिकहून

आमचा दिवस आल्प्समधला, स्टेल्व्हिओ घाटाचा. प्रातो गावाच्या बाजूने ४८ वळणं, माथा २७५७ मीटर. वळणांना आकडे लावले आहेत आणि ते उतरत जातात, त्यामुळे किती उरलं ते कळत राहतं. गटात जर्मन, इटालियन आणि आम्ही दोघं मराठी. शेवटच्या दहा वळणांवर आमची खजुराची वडी सगळ्यांना पुरली. हिमालयाची उंची इथे नाही, पण सलग चढ म्हणजे काय ते हा घाट शिकवतो.

चिपळूणहून, पुढच्या वर्षी निघणारी

सगळे अनुभव वाचले, धीर आला आणि थोडी भीतीही वाटली. माझं वय पंचावन्न. कुंभार्ली घाट नियमाने चढते. मी गटात सगळ्यात मागे असणार हे नक्की. असं असताना जावं का? सरावात अजून काय करू?

पुण्याहून, स्वीप

ताई, जरूर जा. कुंभार्ली चढताय तर चढाची तयारी चांगली आहे. आता लागोपाठ तीन-चार दिवस सायकल चालवायचा सराव करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने खोगिरावर बसायची सवय होईल. लांब उतारावर दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबायला शिका, निघण्यापूर्वी ब्रेक पॅड नवे घाला. बोटं झाकणारे जाड हातमोजे घ्या. गट निवडताना आयोजकांना एवढंच विचारा: शेवटच्या माणसामागे कोण असतं, आणि गाडीत प्राणवायू आहे का? दोन्हींचं उत्तर लगेच मिळालं नाही तर दुसरा गट बघा.