मदत हवी आहे: मारवेलच्या चाऱ्यात लव्हाळा, गाभण गाय आहे

मुळशीकडे (जि. पुणे) 20 गुंठे मारवेल गवत आहे, लावून तिसरं वर्ष. खालच्या बांधालगत पावसाळ्यात पाणी साचतं, तिथून लव्हाळ्याचं तण सुरू झालं आणि आता निम्म्या तुकड्यात आहे. तिधारी दांडा, खाली काळपट गाठी, म्हणजे लव्हाळाच, हरळी नाही.

दोनदा खुरपलं. पंधरा दिवसांत पुन्हा हिरवंगार, कारण गाठी खालीच तुटून राहतात. 2,4-डी तणनाशक मारलं तर वरचा पाला तेवढा जळला. ग्लायफोसेट नको, मारवेलही जाईल. नांगरून उन्हाळ्यात तापू देणं सगळे सुचवतात, पण दोन गाई न्‌ एक म्हैस याच चाऱ्यावर आहेत, त्यातली एक गाय गाभण. विकतचा चारा परवडत नाही. साचणारं पाणी काढायला चर मात्र या उन्हाळ्यात काढणार आहे.

दुकानदार हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक देतोय, उसात एकरी 36 ग्रॅम मारतात तेच. पुडीवर ऊस, मका आहे, चाऱ्याच्या गवताचा उल्लेख नाही. 'काही होत नाही' एवढंच तो सांगतो, त्यावर माझा भरवसा नाही.

कुणी मारवेलमध्ये हे वापरलंय का? गवताला झटका बसला का, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी कापून जनावरांना घातलं?