सुट्ट्या पैशांत सापडलेली चुकलेली नाणी : तुमचे अनुभव लिहा

विकत घेतलेल्या नाण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. इथे फक्त चिल्लरीतून हाती आलेल्या नाण्यांबद्दल लिहूया. कुठे मिळालं, आणि चूक टांकसाळीतलीच आहे हे कशावरून ओळखलंत? नवख्यांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवं असतं, तेव्हा त्यावर सविस्तर लिहा.

सांगली
बाबा एसटीत कंडक्टर होते. रात्री हिशेबाच्या वेळी चिल्लरीच्या चळती लावायचं काम माझं. रुपयाचं स्टीलचं नाणं घ्यायचं, सिंह सरळ धरायचे आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचं. मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. एकदा तो पार आडवा दिसला! डाय, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणारा ठसा, सैल होऊन फिरला की असं होतं. याला डाय रोटेशन म्हणतात. सुरुवात इथूनच करा, भिंगसुद्धा लागत नाही.

टुसॉन, ॲरिझोना
ही कसोटी अमेरिकन नाण्यांना लावू नका. इथलं नाणं वरून खाली उलटावं लागतं, तरच मागची बाजू सरळ दिसते. इथे शोधायचं तर 2004 चं विस्कॉन्सिन राज्याचं क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) शोधा, डेन्व्हर टांकसाळीचं, ‘डी’ अक्षराचं. काहींवर मक्याच्या कणसाला डावीकडे एक जास्तीचं पान आहे. ही नाणी पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आली ती आमच्याच भागात. मला लॉन्ड्रीसाठी आणलेल्या सुट्ट्यांत मिळालं.

चिंचवड
मी प्रेस शॉपमध्ये डाय सेटिंग करतो, म्हणून जरा लांबण लावतो. नाण्यावर बारीक रेघ दिसली की आधी नख फिरवा. रेघ उंच लागली तर डायला तडा गेलेला असतो आणि त्यात धातू शिरलेला असतो. खोल लागली तर बहुतेक तो टांकसाळीबाहेर पडलेला ओरखडा.

कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल तर आणखी मजा. पट्टीतून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर थोडा चढला की चकती अपुरी निघते. पण कानशीने घासूनही कोणी तशी कड करू शकतं. मग ओळखायचं कसं? कापल्या जागेच्या बरोबर समोरची कड पाहा. चकतीची कड वळवताना एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरही दाब नीट बसत नाही, आणि तिथली कड पुसट येते. घासलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत असते. टपरीवर चहाचे पैसे देताना मला असं दोन रुपयांचं नाणं मिळालं, आणि आपल्या रोजच्या कामातली चूक सरकारी टांकसाळीतही होते हे बघून फार बरं वाटलं.

कल्याण, किराणा दुकान
गल्ल्यात लखी सापडलं! एका बाजूला नेहमीचे सिंह, दुसऱ्या बाजूलाही तेच सिंह, पण खोलगट आणि उलटे. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटतो. दोन नाणी पकडीत दाबूनही लोक नकली लखी करतात, पण त्यात मूळ आकडा दबून चपटा झालेला असतो आणि तिरप्या उजेडात त्याच्या खुणा दिसतात. माझ्या नाण्यावर आकड्याचा मागमूस नाही.

नागपूर
आई देवघरातली नाणी चिंचेने घासते. संग्रहातल्या नाण्याला असं कधीही करू नका, मूळ झळाळी जाते ती परत येत नाही. माझं पाच रुपयांचं नाणं एका बाजूला सरकून छापलेलं आहे, कडेला कोरी चकती दिसते. सालाखाली चांदणी आहे, म्हणजे हैदराबादची टांकसाळ. (चौकोनी हिरा मुंबईचा, गोल ठिपका नोएडाचा, खूण नसेल तर कोलकाता.)

सातारा
दहाच्या नाण्यावर कुठे दहा रेषा, कुठे पंधरा. ही चूक का?

धागाकर्ता
नाही, ती वेगवेगळी डिझाइन्स आहेत. दहाच्या नाण्याची 14 डिझाइन्स चालतात, असं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केलं होतं. आणि किमती विचारणाऱ्या सगळ्यांना: ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ म्हणत आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये तसा इशाराही दिला आहे. सातारकर, दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो टाका. मधली चकती कड्यात नीट बसली आहे का तेही बघू.