'नॉनइन्व्हेजिव्ह बीसीआय'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून, मेंदूच्या विद्युत्‌लहरी टिपून संगणक चालवण्याच्या तंत्राला इंग्रजीत 'नॉनइन्व्हेजिव्ह ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस' (बीसीआय) म्हणतात; त्याला 'अनाक्रमक मस्तिष्क-संगणक आंतरपृष्ठ' हा शब्द कसा वाटतो? बोजड वाटतो, पण दुसरा सुचत नाही. आणि 'स्काल्प'ला, म्हणजे डोक्यावरच्या कातडीला, टाळू चालेल का?

प्रतिसाद १
'अनाक्रमक' बाद. आक्रमक म्हटले की फलंदाज आठवतो. इथे मुद्दा एवढाच की कवटी उघडत नाहीत, कातडी कापत नाहीत. 'बिनटाक्याचे ऑपरेशन' दवाखान्यांच्या पाट्यांवर कधीच रुळले आहे, त्याच चालीवर 'बिनछेदाचा' म्हणा. 'आंतरपृष्ठ' तेल आणि पाणी यांच्यामध्ये ठीक, इथे 'दुवा' पुरे. मूळ इंग्रजी संज्ञा जाक विदाल यांनी १९७३ मध्ये रूढ केली, तिथेही मेंदू आणि संगणक एवढे साधेच शब्द आहेत.

प्रतिसाद २
टाळू नको. जीभ लागते ती टाळू वेगळी, बाळाची भरते ती वेगळी. शिवाय इलेक्ट्रोड कपाळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत बसतात. इलेक्ट्रोडच्या जागा ठरवण्याच्या १०-२० पद्धतीत नाकाच्या मुळापासून त्या उंचवट्यापर्यंत टेप लावतात. अंतर ३६ सेमी आले, तर पहिली खूण १० टक्क्यांवर म्हणजे ३.६ सेमीवर, पुढच्या खुणा ७.२ सेमीच्या अंतराने. बरोबर मध्ये, १८ सेमीवर 'सीझेड' नावाची जागा. टाळू शब्द शोभलाच तर तिथे. बाकी सरळ 'डोक्याची कातडी' लिहावे.

प्रतिसाद ३
माझा आक्षेप या लहरींना सर्रास 'मेंदूचे संदेश' म्हणतात त्याला. मेंदू टोपीला काही सांगत नसतो. असंख्य पेशींमध्ये एकाच वेळी होणाऱ्या बदलांचा एकत्रित विद्युत्‌दाब कवटीतून झिरपून बाहेर येतो, तोही साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. वाड्याबाहेर उभे राहून पंगतीचा गलका ऐकावा तसे: पंगत बसली की उठली हे कळते, कोण काय बोलले हे नाही.

म्हणून 'पडसाद' नेमका. फारवेल आणि डॉन्चिन यांच्या, मेंदूच्या लहरींवरून अक्षरे निवडून लिहिण्याच्या १९८८ च्या पद्धतीत ६×६ चौकटीत ३६ खुणा असतात आणि ओळी-स्तंभ एकेक करून, उलटसुलट क्रमाने चमकतात. हवे ते अक्षर ज्यात आहे ती ओळ चमकली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी लहरीत छोटा उंचवटा येतो, तोच पी३००. एकदा पाहून तो बाकीच्या लहरींच्या खरखरीतून वेगळा सापडत नाही, सरासरी काढावी लागते. १६ वेळांच्या सरासरीने खरखर चौथाईवर येते. दर १७५ मिलिसेकंदांनी एक चमक धरली तर १२ चमकांची फेरी २.१ सेकंदांची, १५ फेऱ्यांना साडेएकतीस सेकंद. एवढे एका निवडीला! 'स्त्री' लिहायला स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशा सहा निवडी, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. देवनागरीसाठी चौकट वेगळी आखायला हवी, ते प्रतिशब्दापेक्षा निकडीचे.

प्रतिसाद ४
'नॉइज' खरखर, 'आर्टिफॅक्ट' भेसळ. 'कलावस्तू' मात्र कोणी लिहू नये. ५० हर्ट्झची खरखर विजेच्या तारांतून येते. ती एकाच वाहिनीवर, म्हणजे एकाच इलेक्ट्रोडच्या रेघेवर, दिसली तर तो इलेक्ट्रोड तपासा. सगळ्यांवर दिसली तर कानाच्या पाळीवरचा संदर्भ इलेक्ट्रोड किंवा अर्थिंगचा सैल आहे. आपल्याकडे नेहमीचा गुन्हेगार डोक्याचे तेल. आदल्या रात्री शाम्पू, कंडिशनर नाही. केस बाजूला सारून, कातडी हलकी घासून मग जेल. इलेक्ट्रोड आणि कातडी यांमधला विद्युत-रोध ५ किलोओहमच्या खाली आणायचा. जेल फार भरले तर शेजारच्या दोन जागांचे एकत्र होते आणि दोन्ही वाहिन्या एकच रेघ काढतात.

भेसळ शरीराची. पापणी लवली की कपाळाकडच्या वाहिन्यांवर १०० मायक्रोव्होल्टच्या वरही उसळी जाते. दात आवळले की सगळीकडे दाट काटे. कपाळावरच्या पट्टीने 'मनाने' चालणारे खेळणे भुवई उचलल्यावरच हलत असेल, तर तो भुवई-संगणक दुवा.

प्रतिसाद ५
'कॅलिब्रेशन'ला कोशातले 'अंशशोधन' थर्मामीटरला शोभते. इथे यंत्र त्या माणसाचा पडसाद ओळखायला शिकते, म्हणून 'जुळवणी'. टोपी थोडी सरकली तरी ओळख बिघडू शकते. त्यामुळे तंबोऱ्यासारखी दर बैठकीला पुन्हा.