शेवंती ओसरली, मोगरा अजून काटक्या! वसंतापर्यंत फोटो टाका

गच्चीवरची शेवंती, पुणे: शेवटचा बहर. पांढऱ्या पाकळ्या फोटोत नुसत्या चुना फासल्यासारख्या येतात. आणि १२ इंची कुंडीतल्या मोगऱ्याची छाटणी आत्ता, जानेवारीअखेरीस, करू का?

कुंडीवाला: करा. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, पण काड्या सुकू देऊ नका. मग सगळ्या काड्या फूटभर ठेवून डोळ्याच्या (नवी फूट येते त्या गाठीच्या) वर तिरक्या कापा, वाळक्या बुडापासून काढा. वरची दोन इंच माती मोकळी करून दोन मुठी गांडूळखत, चमचाभर हाडांचा चुरा घाला आणि भरपूर पाणी द्या. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटणीत हात आखडू नका. युरिया मात्र नको, नुसता पाला माजतो. ऊन पाच-सहा तास हवंच. सावलीतला मोगरा कितीही खत घातलं तरी रुसलेलाच.

गच्चीकर: फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा सावलीत काढा. स्क्रीनवर फुलावर बोट टेकवा, उजेडाची पट्टी खाली ओढा, पाकळ्यांच्या शिरा दिसतील. मागे गडद पानं असली तर उत्तमच.

हिरवाई: ताई, शेवंती उपटू नका! बहर संपला की चार-पाच इंचांवर कापा. बुडाशी काश्या (मुळापासून येणारे नवे कोंब) फुटतील, त्या उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जगवा आणि पावसाळ्याच्या तोंडावर वेगळ्या लावा. तुमच्या तिसऱ्या फोटोत पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसतायत, कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) असावा. पानं उलटी करून पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल थोड्या साबणात घोळवून, संध्याकाळी.