बांबूऐवजी कार्बन फायबरची बासरी: वजन, सूर आणि नाद

प्रश्न

मी गेली अकरा वर्षे बांबूची बासरी वाजवतो आणि त्यांपैकी बराच काळ पांढरी तीनच्या, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीच्या बासरीवर रियाझ केला आहे. तासाभराच्या वादनानंतर डावे मनगट आणि अंगठ्याचा सांधा दुखू लागतो. त्यातच मागच्या हिवाळ्यात माझी सर्वांत आवडती बासरी फुंकेच्या छिद्रापासून दोन बोटे अंतरावर उभी तडकली आणि दोऱ्याचे वेढे देऊनही तिचा खर्ज पूर्वीसारखा भरला नाही. म्हणून कार्बन फायबरची बासरी घ्यावी असे मनात आहे. ती हलकी असते आणि ऋतू बदलला तरी सूर सोडत नाही, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे, आणि बांबूचा जो गोडवा आपण म्हणतो तो तिच्यात उतरतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर १

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे मुद्दे एकत्र आले आहेत, आणि त्यांपैकी वजनाचा मुद्दा आधी तपासून पाहावा असे मला वाटते, कारण तिथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. कार्बन फायबर आणि इपॉक्सी (तंतूंना बांधून घट्ट होणारी कृत्रिम राळ) यांच्या मिश्रणाची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण १.६ ग्रॅम असते, तर वाळलेल्या बांबूची ०.६ ते ०.८ ग्रॅम. म्हणजे हे साहित्य मुळात बांबूच्या दुपटीहून जड आहे. त्याची वाद्ये हलकी होतात ती केवळ त्याच्या ताकदीमुळे, कारण एक मिलिमीटर जाडीची भिंतही पुरेशी मजबूत राहते. आता आपल्या बासरीची भिंत अडीच मिलिमीटरची आहे असे धरा. जाडीला घनतेने गुणले, तर बांबूसाठी अडीच गुणिले ०.७ म्हणजे १.७५, आणि कार्बनची एक मिलिमीटरची भिंत म्हणजे १.६. फरक नगण्य आहे. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या काळ्या आफ्रिकी लाकडाच्या आडव्या बासरीशी किंवा ८.५ घनतेच्या पितळेशी तुलना केली, तर मात्र कार्बनचा लाभ डोळ्यांत भरतो. आल्प्स पर्वतातील साडेतीन मीटर लांबीच्या लाकडी शिंगवाद्याच्या, म्हणजे आल्पहॉर्नच्या बाबतीत तर एकात एक सरकणाऱ्या कार्बनच्या नळ्यांचे वाद्य खांद्याला अडकवून डोंगर चढता येतो, ही वादकासाठी खरोखर मोठी सोय आहे. बांबू मात्र निसर्गतःच हलका आहे, त्यामुळे आपले मनगट वजनाने दुखत नसून बोटांच्या ताणाने दुखत असण्याचा संभव अधिक आहे, आणि तो ताण छिद्रांमधील अंतरामुळे पडतो. ते अंतर कार्बनमध्येही तेवढेच राहील.

नादाविषयी बोलायचे, तर बासरीत मुख्यतः हवेचा स्तंभ कंप पावतो, नळीची भिंत नव्हे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली आतून सारख्या मापाच्या चांदीच्या, तांब्याच्या आणि लाकडाच्या बासऱ्या घेऊन प्रयोग केला, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या आवाजावरून ओळखता आल्या नाहीत, आणि वजनाचा वा स्पर्शाचा सुगावा लागू न देता वाजवायला दिल्यावर वादकांनाही ओळखता आल्या नाहीत. मला स्वतःला हे स्वीकारायला बराच काळ लागला, कारण बांबूवर माझा जीव आहे. पण त्या प्रयोगात आतली मापे सारखी ठेवली होती, ही अट विसरू नये.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त त्या शेवटच्या अटीबद्दल अधिक लिहितो, कारण मी स्वतः बासऱ्या घडवतो आणि या अटीवरच सारे अडते. भिंत पातळ झाली की छिद्रांची खोलीही घटते. छिद्र उथळ झाले की स्वर किंचित चढतो, म्हणून बांबूच्या बासरीची मापे जशीच्या तशी कार्बनच्या नळीवर उतरवली तर ती बेसूर होते. छिद्रे थोडी लहान करावी लागतात. त्याहून नाजूक भाग फुंकेच्या छिद्राचा आहे. श्वासाची धार ज्या कडेवर आपटून दुभंगते, तिची उंची, कोन आणि धारदारपणा यांवर खर्ज किती सहज लागतो आणि तार सप्तकात सूर किती स्वच्छ राहतो हे ठरते. धातूच्या बोम पद्धतीच्या, म्हणजे पाश्चात्त्य कळांच्या बासरीची नळी जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड असते, आणि म्हणूनच तिच्या ओठपट्टीखाली सुमारे पाच मिलिमीटर उंचीचा कठडा बसवलेला असतो. कार्बनच्या बासरीत फुंकेच्या छिद्राभोवती असाच जाडसर भाग दिला आहे का, हे घेण्यापूर्वी अवश्य पाहावे. तो नसेल तर आवाज पातळ आणि वाऱ्याच्या सुसाट्यासारखा येतो, आणि दोष साहित्यावर ढकलला जातो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. मग ऋतूबरोबर सूर न बदलण्याचे काय? आणि एखादा स्वर उतरलेला निघाला तर बांबूप्रमाणे छिद्र कानशीने थोडे वाढवता येते का?

उत्तर २

सूर हवेच्या तापमानाबरोबर बदलतोच, कारण ध्वनीचा वेग दर अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. आतली हवा एक अंशाने तापली की स्वर जवळजवळ तीन सेंटने चढतो, आणि शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. थंड सभागृहात कार्बनची बासरीही बांबूइतकीच उतरेल, तिलाही फुंकून गरम करावेच लागेल. जे बदलत नाही ते नळीचे माप. कार्बन श्वासातील ओल शोषत नाही, फुगत नाही, आकसत नाही आणि कोरड्या हवेत तडकत नाही. आपल्या मागच्या हिवाळ्यातील दुःखावर हा उपाय नक्कीच आहे. मात्र ओल शोषली जात नसल्याने आत पाण्याचे थेंब साचतात, म्हणून दर बैठकीनंतर नळी आतून पुसणे आवश्यक ठरते.

छिद्र वाढवता येते, पण कार्बनची धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला त्रासदायक असते. म्हणून पाणी लावून बारीक पॉलिश कागदाने, तोंडावर योग्य मास्क घालूनच काम करावे आणि उघडे पडलेले तंतू इपॉक्सीने बंद करावेत, नाहीतर मींड घेताना बोटाला कूस लागते.

उत्तर १

मनगटासाठी एक सुचवतो. आपण लांबी तीच ठेवून, बोटांच्या ठेवणीनुसार तिसरे आणि सहावे छिद्र किंचित बाजूला सरकवलेली बासरी आधी वाजवून पाहा. छिद्र नळीच्या परिघावर फिरवल्याने सूर बदलत नाही, फक्त बोटाची पोहोच सुधारते, आणि असा बदल बांबूवरही करता येतो.